नांगर कोणी उचलायचा? मुंबई हायची भाड्याची जहाजे आणि १७ मे २०२१

वर्धा जिल्ह्यात 'नांगर' म्हटले की डोळ्यांसमोर काळी माती येते. कोकणच्या किनाऱ्यावर त्याच शब्दाने जहाज जागच्या जागी धरून ठेवणारे लोखंड ओळखले जाते. हा धागा दुसऱ्या नांगराचा आहे. तो समुद्रतळावर नेऊन टाकणाऱ्या व पुन्हा उचलणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या जहाजांचा, ती जहाजे भाड्याने घेण्याच्या पद्धतीचा, आणि त्या पद्धतीतून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाचा. मुंबईच्या समुद्रात त्या प्रश्नापाशी ८६ माणसांचे प्राण गेले. धागा लांब आहे.

प्रथम जहाज समजून घेऊ. त्याचे पूर्ण नाव 'अँकर हँडलिंग टग'. रसद वाहण्याची सोय असेल तर पुढे 'सप्लाय' हा शब्द जोडला जातो. खलाशांच्या बोलण्यात मात्र केवळ 'टग' किंवा 'सप्लाय बोट'. या जहाजाची राहण्याची व चालवण्याची सारी व्यवस्था पुढच्या टोकाला असते. मागचा भाग लांब, सपाट आणि पाण्याच्या अगदी जवळ. मागच्या काठावर एक जाडजूड फिरता रूळ बसवलेला असतो आणि माणसे राहतात त्या भागाच्या पाठीशी प्रचंड ताकदीची विंच. कित्येक टनांचा नांगर तारेने ओढला जातो, रुळावरून डेकवर येतो, आणि तिथे पोलादी जबड्यात अडकवून धरला जातो. तार ताणलेली असताना डेकवर उभे राहणे हे समुद्रावरील सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक मानले जाते. तुटलेली तार माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

अशा जहाजाची किंमत त्याच्या लांबीवरून ठरत नाही, ओढण्याच्या ताकदीवरून ठरते. तिचे माप म्हणजे 'बोलार्ड पुल'. धक्क्यावरील खुंटाला जहाज बांधायचे, यंत्रे पूर्ण जोराने चालवायची, आणि दोरावर किती टनांचा ताण आला ते मोजायचे. बैलजोडीची परीक्षा शंकरपटात होते, टगची अशी खुंटाला बांधून. भाड्याच्या करारात हा आकडा ठळकपणे लिहिलेला असतो.

या जहाजांची गरज कशी निर्माण झाली? १९४७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात केर-मॅगी कंपनीने किनारा दिसेनासा होईल इतक्या अंतरावर तेलविहीर खोदली, तेव्हा साथीला महायुद्धातून उरलेली नौका होती. सुरुवातीची काही वर्षे असाच जुना नाविक माल वापरात होता. १९५५ च्या सुमारास आल्डन लाबोर्ड यांच्या पुढाकाराने 'एब टाइड' नावाचे जहाज खास तेलक्षेत्राच्या रसदीसाठी बांधले गेले. पुढे चालककक्ष, मागे मोकळा सपाट डेक, ही रचना तिथूनच रूढ झाली. नांगर उचलण्याची विंच आणि रूळ याच रचनेवर पुढे चढले. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर खोल पाणी आणि उग्र हवामान यांमुळे ही जहाजे थोराड होत गेली.

भारतात ही कथा मुंबई हायपासून सुरू होते. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने खंबायतच्या आखातात व अरबी समुद्रात भूकंपलहरींच्या पद्धतीने पाहणी झाली. १९७३ मध्ये जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही रिग ओएनजीसीने आणली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९७८ मध्ये तेथून उरणपर्यंत समुद्रतळावरून वाहिनी आली. एक रुपयाच्या नोटेवर जी रिग छापली गेली ती हीच 'सागर सम्राट'. वर्धा असो वा गडचिरोली, समुद्र कधीही न पाहिलेल्या लक्षावधी मराठी माणसांच्या खिशातून ती फिरून आली आहे.

नोटेवर रिग आहे. तिच्या भोवतीची टग मात्र नाही, आणि ही उपेक्षा थोडी अन्यायाचीच म्हणावी लागेल. समुद्रातील तेलक्षेत्र म्हणजे एकटे एक यंत्र नव्हे. विहिरींचे मानवरहित फलाट, प्रक्रियेचे मोठे फलाट, त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या, आणि दुरुस्तीसाठी शेकडो कामगारांना सामावून घेणारे तरंगते निवासी बार्ज, असा तो एक पसरलेला गाव असतो. त्या गावात पाणी, डिझेल, भाजीपाला, सिमेंट आणि माणसे पोहोचवायची ती भाड्याच्या बोटींनी. वस्तू हलवायची तीही त्यांनीच.

यात निवासी बार्जची स्थिती विशेष लक्षात घ्यावी. अशा अनेक बार्जना स्वतःला पुढे नेणारे इंजिनच नसते. ते बार्ज फलाटाजवळ उभे करायचे तर टगने ओढून आणायचे, मग त्याचे नांगर एकेक करून टगच्या डेकवर घ्यायचे, ठरलेल्या दिशेने दूर न्यायचे आणि तळाशी सोडायचे. चारही बाजूंना असे नांगर पडले की बार्ज कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे ताणून स्थिर राहते. तार थोडी सैल, थोडी घट्ट करून ते काही मीटर इकडेतिकडे सरकू शकते. तेथून निघायचे असेल तर हीच सारी क्रिया उलट करावी लागते. टग येते, नांगर उचलते, दोर बांधते, ओढून नेते. हे काम शांत समुद्रात तासांचे असते. लाटा उंचावल्यावर ते जवळजवळ अशक्य होते, कारण टगचा मागचा डेक पाण्याला लागून असतो आणि त्यावर माणसे उभी राहू शकत नाहीत.

म्हणजे इंजिन नसलेल्या बार्जला वादळापासून पळण्याची मुभा वादळ येण्याच्या बऱ्याच आधी संपते. पुढील सारी हकीकत या एका वाक्यावर उभी आहे.

आता भाडे. जहाज भाड्याने घेण्याच्या कराराला इंग्रजीत 'चार्टर पार्टी' म्हणतात. त्यातील 'पार्टी' म्हणजे पक्ष नव्हे. मध्ययुगीन लॅटिनमधील 'कार्टा पार्टिटा', म्हणजे दुभागलेला कागद, यावरून तो शब्द आला. करार एकाच कागदावर दोनदा लिहायचा, कागद मधोमध कापायचा, अर्धा मालकाकडे, अर्धा भाडेकऱ्याकडे. वाद झाला की दोन्ही कडा जुळवून पाहायच्या.

भाड्याचे प्रकारही जुनेच. एका फेरीचे भाडे हा एक. कापसाच्या गासड्या मुंबईहून लिव्हरपूलला न्यायच्या, तर मोबदला त्या मालाचा. (हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई, हे जाता जाता.) दुसरा प्रकार रिकाम्या जहाजाचा. खलाशी, दुरुस्ती, विमा, सारे भाडेकऱ्याने पाहायचे. तिसरा प्रकार ठरावीक काळाचा. यात जहाज आणि खलाशी मालकाचे, हुकूम भाडेकऱ्याचा, आणि मोबदला दिवसाचा.

तेलक्षेत्रातील टग प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकाराने घेतल्या जातात. बिम्को या जागतिक नौवहन संघटनेने १९७५ मध्ये यासाठी 'सप्लायटाइम' हा नमुना करार आणला. पुढे १९८९, २००५ आणि २०१७ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या करारातील विभागणी साधी आहे. खलाशांचा पगार, देखभाल आणि जहाजाचा विमा मालकाकडे. इंधन आणि बंदराचे शुल्क भाडेकऱ्याकडे. जहाज ताब्यात येताना टाकीत किती डिझेल आहे ते मोजून लिहायचे, परत देतानाही मोजायचे. यंत्र बिघडले की भाडे थांबते. हवामान बिघडले म्हणून जहाज नुसते उभे राहिले, तर भाडे सहसा चालूच राहते.

हे शेवटचे कलम वाचताना क्षणभर थांबावे. वादळाची वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी खिशातून जातो. फलाटाच्या कामाचे एकरकमी कंत्राट घेतलेल्या कंपनीने टग आणि बार्ज दिवसाच्या भाड्यावर घेतले असतील, तर बंदरात काढलेला दिवस तिच्या हिशेबात तोट्याचा दिवस असतो. त्यात पश्चिम किनाऱ्यावर हंगाम आखूड. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्रात नाव घालतो आणि पावसाळ्याआधी ती ओढून काढतो. बार्जची कामेही पावसाळ्यापूर्वी उरकायची असतात. त्यामुळे मे महिना हा घाईचा.

'सप्लायटाइम'मधील आणखी एक तत्त्व या व्यवसायाबाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. ते म्हणजे 'नॉक फॉर नॉक'. चूक कोणाचीही असो, आपल्या माणसांचे व आपल्या मालमत्तेचे नुकसान ज्याचे त्याने सोसायचे. टगने बार्जला धडक दिली तर बार्जवाल्याने आपले पाहावे, टगवाल्याने आपले. हेतू असा की तेलक्षेत्रात एकाच ठिकाणी दहा कंपन्या काम करतात. प्रत्येक अपघातानंतर त्या एकमेकींना न्यायालयात खेचू लागल्या तर काम उभेच राहणार नाही. विम्याच्या दृष्टीने ही व्यवस्था सुटसुटीत आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीत एक उणीव दिसते. चूक शोधण्याचे आर्थिक कारणच ती कमी करते.

भारतात परदेशी ध्वजाचे जहाज भाड्याने आणायचे तर मर्चंट शिपिंग कायदा, १९५८ खाली नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागत असे. भारतीय ध्वजाचे जहाज उपलब्ध असेल तर आधी त्याला संधी. या धोरणामुळे मुंबईत ऑफशोअर जहाजांच्या देशी कंपन्या वाढल्या. मात्र तेलाच्या किमती २०१४ नंतर कोसळल्या तेव्हा भाड्याचे बाजारही कोसळले. मुंबईच्या जीओएल ऑफशोअरचे 'मालवीय सेव्हन' हे जहाज २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन बंदरात अडकून पडले. पगार थकलेले भारतीय खलाशी परक्या धक्क्यावर महिनोन्‌महिने बसून राहिले आणि अखेर २०१७ मध्ये जहाज विकून त्यांची देणी भागवण्याची वेळ आली. दिवसाच्या भाड्यावर चालणारा धंदा दिवस मिळेनासे झाले की आधी खलाशाच्या ताटावर येतो.

आता मे २०२१.

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याचे हवामान खात्याने त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच कळवले होते. मच्छीमारांना परत बोलावले गेले, हजारो होड्या बंदरात आल्या. या वादळाला 'तौक्ते' हे म्यानमारने सुचवलेले नाव मिळाले. ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. त्या दिवशी मुंबईत वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. भर समुद्रातील स्थिती याहून भयंकर होती.

हीरा तेलक्षेत्रात त्या वेळी 'पापा-३०५' हे निवासी बार्ज उभे होते. त्यावर २६१ माणसे होती. काम ओएनजीसीचे, कंत्राट आफकॉन्सचे, बार्ज दुर्मास्त एंटरप्रायझेसकडून भाड्याने घेतलेले, आणि माणसे वेगवेगळ्या उपकंत्राटदारांची. बार्जला स्वतःचे चालक इंजिन नव्हते.

आफकॉन्सने नंतर काढलेल्या निवेदनानुसार, १४ मे रोजी इशारा मिळताच सर्व जहाजांना काम आवरून सुरक्षित जागी जाण्यास सांगण्यात आले होते. 'पापा-३०५'च्या कप्तानाने फलाटापासून २०० मीटर दूर सरकून तिथेच राहण्याचे ठरवले, कारण वाऱ्याचा अंदाज सुमारे ४० नॉटचा होता. जहाज चालवण्याची जबाबदारी करारानुसार मालकाची, असेही त्या निवेदनात होते.

२०० मीटर म्हणजे नांगर न उचलता, केवळ तारा सैल-घट्ट करून गाठता येण्याजोगे अंतर. फलाटावर आपटू नये इतके दूर, पण वादळाच्या वाटेतच.

१६ मेच्या मध्यरात्रीनंतर नांगर एकामागून एक सुटू लागले. बार्ज भरकटले, एका मानवरहित फलाटावर आदळले आणि त्याला भगदाड पडले. १७ मे रोजी सकाळीच नौदलाची 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' ही जहाजे निघाली. सायंकाळी बार्ज बुडाले. तराफ्यांना भोके होती, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले. पुष्कळांनी केवळ जीवरक्षक जाकिटांच्या भरवशावर, एकमेकांचे हात धरून, रात्र पाण्यात काढली. १८६ जण वाचले. ७५ जण वाचले नाहीत.

त्याच वादळात 'वरप्रदा' बुडाली. ती अँकर हँडलिंग टग होती. तिच्यावर १३ खलाशी होते, वाचले केवळ २. बातम्यांच्या शीर्षकांत 'पापा-३०५' राहिले आणि 'वरप्रदा' बहुधा दुसऱ्या परिच्छेदात गेली. नोटेवरच्या रिगची गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही.

आणखी तीन तरंगत्या वस्तू त्या दिवशी भरकटल्या. 'गॅल कन्स्ट्रक्टर' हे बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतले आणि त्यावरील १३७ जणांना हेलिकॉप्टर व बोटींनी उतरवण्यात आले. 'सपोर्ट स्टेशन-३' हे बार्ज आणि 'सागर भूषण' हे खोदकामाचे जहाज गुजरातच्या पिपावावकडे वाहत गेले. त्यांवरची माणसे सुखरूप राहिली आणि ओएनजीसी व शिपिंग कॉर्पोरेशनच्या साहाय्यक जहाजांनी दोर बांधून त्यांना धरले. समुद्र थोडा निवल्यावर टग जे करू शकते ते असे.

निर्णय नेमका कोणाचा होता? आंतरराष्ट्रीय कायदा याबाबत संदिग्ध नाही. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या 'सोलास' कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट नियम आहे की, सुरक्षेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल तो घेण्यापासून मालक, भाडेकरू किंवा अन्य कोणीही त्याला रोखू नये. येलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला तोही बार्जच्या कप्तान व इतरांविरुद्ध. कप्तान स्वतः त्या दुर्घटनेत मरण पावले होते.

पण कागदावरचा हा अधिकार प्रत्यक्षात उतरवायला टग लागते. इंजिन नसलेल्या बार्जच्या कप्तानाने निघायचे ठरवले तरी नांगर उचलणारे जहाज दुसऱ्याचे, त्याचे दिवसाचे भाडे तिसऱ्याच्या खिशातले, आणि काम थांबल्याची झळ चौथ्याला. अशा रचनेत एकट्या कप्तानाच्या नावाने सारा हिशेब मांडणे सोयीचे असेल, पुरेसे नाही. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. इशारा सर्वांना एकच मिळाला होता. त्या क्षेत्रातील इतर जहाजे बंदराकडे गेली. तेव्हा रचनेकडे बोट दाखवून व्यक्तींचा निर्णय पुसूनही टाकता येत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने नौवहन महासंचालकांसह तिघांची उच्चस्तरीय समिती नेमली ती याच गुंत्यासाठी.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंड बेटांच्या पश्चिमेस 'बूर्बों डॉल्फिन' ही नॉर्वेची नवीकोरी अँकर हँडलिंग टग एका रिगचे नांगर हलवताना उलटली. १५ पैकी ८ जण मरण पावले. त्यांत कप्तान होते, आणि पाहुणा म्हणून आलेला त्यांचा १४ वर्षांचा मुलगाही. नॉर्वे सरकारच्या चौकशी आयोगाने मार्च २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एकाच व्यक्तीवर बोट ठेवलेले नाही. जहाजाच्या स्थैर्याची मर्यादा, कामासाठी अपुरी पडलेली ताकद, रिगच्या बाजूचे नियोजन, आणि नव्या कप्तानाला जहाज समजून घेण्यास मिळालेला जेमतेम दीड तास, असे सारे धागे उलगडून ठेवले आहेत. टगच्या स्थैर्याचे आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर बदलले. नांगर उचलणाऱ्या जहाजांसाठीच्या सुधारणा १ जानेवारी २०२० पासून लागू झाल्या. दुर्घटनेपासून नियमापर्यंत जवळपास १३ वर्षे.

मुंबई हायवर ही पहिली मोठी दुर्घटना नव्हती. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज जखमी कर्मचाऱ्याला फलाटावर उतरवण्यासाठी जवळ आले, वायू वाहून नेणाऱ्या नळाला धडकले आणि उत्तरेकडील फलाट जळून गेला. बेपत्ता धरून २२ जण गेले. मुंबई पाण्यात असल्याने त्या बातमीला महाराष्ट्राच्या आठवणीत जागाच मिळाली नाही.

२०२१ मध्ये नौदलाचा शोध अनेक दिवस चालला. 'आयएनएस मकर' आणि 'आयएनएस तरासा' पाणबुड्यांची पथके घेऊन तळाचा शोध घेण्यासाठी गेल्या. काही मृतदेह लाटांनी रायगडच्या किनाऱ्यावर आणले, काही थेट गुजरातेत वलसाडला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ओळख पटवण्याचे काम चालले होते. चेहऱ्यावरून ती पटत नव्हती, तेव्हा दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनए जुळवले गेले.